शिळं सोनं

अलिबाग,
कोजागिरी, ६ ऑक्टोबर २०२५

प्रिय मावशी,



सकाळी चहा व्हायच्या आतच लिहायला बसलेय. तुझ्याकडे इस्रायलला सूर्य मावळला की सुक्कोथचा सण लागणार, फोन कपाटात जाणार, आणि माझं पत्र नातवाच्या मोबाइलमध्ये न छापता पडून राहणार. तुमचं घड्याळ आमच्यापेक्षा अडीच तास मागे आहे, तेवढीच काय ती सवलत.

शुक्रवारी फोनवर तू म्हणालीस, "पुढच्या वर्षी येते गं बाय. किप्पुर आपल्या मशिदीत करीन, आणि उपास सुटला की तुझ्या घरी येऊन सोनं घेईन. हल्ली दोन्ही एकाच दिवशी येतात ना!" मी आनंदात "ये, ये" म्हटलं, फोन ठेवला आणि मग मेलं ते पंचांग काढून बसले. मावशी, पुढच्या वर्षी ते एका दिवशी येत नाहीत. एका महिन्यातही येत नाहीत.

तुझी काही चूक नाही. सवयच तशी लागली आहे. २०२२ साली ५ ऑक्टोबरला दसरा आणि ५ ऑक्टोबरलाच किप्पुर. २०२४ साली दोन्ही १२ ऑक्टोबरला. आणि यंदा २ ऑक्टोबरला दसरा, किप्पुर आणि वर गांधी जयंती! चार वर्षांत तीनदा असं झालं की माणूस ते गृहीतच धरतो. मधलं २०२३ तू विसरलीस. त्या वर्षी तुझा किप्पुर २५ सप्टेंबरला होऊन गेला, आणि माझा दसरा २४ ऑक्टोबरला आला.

मी मात्र २०२४ विसरू शकत नाही. दसऱ्याची दुपार होती. सवयीनं तुला फोन लावला, वाजलाच नाही. पुन्हा लावला. नातवाचा लावला, तोही बंद. दहा-अकरा दिवसांपूर्वीच तिकडे क्षेपणास्त्रं पडलेली टीव्हीवर पाहिली होती. आमच्या यांनी समजावलं, चार्जिंग संपलं असेल. दोघांचं एकदम कसं संपेल? श्रीखंडाची वाटी तशीच ठेवून मी सात वाजेपर्यंत फोन घेऊन बसले होते. मग बाहेर मुलं सोनं द्यायला आली, त्यांच्या हातातली आपट्याची पानं पाहिली, आणि पन्नासेक वर्षांपूर्वीचं तुमचं बंद दार डोळ्यांपुढे आलं. कपाळावर हात मारून घेतला. रात्री साडेनऊनंतर तुझाच फोन आला. म्हणालीस, "अगं, दार लावलेलं होतं!" आणि हसलीस. मला हसू आलं नाही, हे तेव्हा बोलले नव्हते, आता लिहिते.

दार लावणं हा शब्द आजींचा, तुझ्या सासूबाईंचा. त्यांच्या तोंडी किप्पुर कधी आलाच नाही. त्या म्हणायच्या दरफळणीचा सण. रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, त्याच्या पाठोपाठ खिरीचा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. वल्हांडण म्हणजे अनाशी धाकाचा सण. ते नाव आंबट-तिखट चटणीचा अनस नावाचा रांजण झाकून ठेवण्यावरून पडलेलं. आव महिन्याच्या नवमीचा शोक म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी मोड आलेल्या वालांचं बिरडं. जेरुसलेमचं मंदिर दोनदा पडलं त्याचा शोक, आणि नाव मात्र आमच्या श्रावणातल्या स्वयंपाकघरातलं! मी लहानपणी समजत होते की बिरडं करायचं म्हणूनच तुम्ही सण काढलाय.

पुढे कधीतरी केहिमकरांचं बेने इस्राएलांच्या इतिहासाचं जुनं पुस्तक हाती पडलं तेव्हा कळलं, ही नावं आजींच्या घरची नव्हती, सबंध कोकणातल्या तुमच्या लोकांची होती. कितीतरी पिढ्या हिब्रू पोथ्या नव्हत्या, महिन्यांची नावं विसरली होती, पण सण कधी करायचा ते विसरलं नव्हतं. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ती माणसं तेल गाळायला लागली, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली झाली, ही गोष्ट तूच मला शंभरदा सांगितलीस. पण त्या चौदा जणांकडे लुआख, म्हणजे तुमचं पंचांग, नव्हतं. दिवस मोजायला त्यांच्याकडे होतं काय? वर चंद्र होता, आणि खाली शेजाऱ्यांचे महिने. माझी तर खात्री आहे की तुमच्या लोकांनी आमचा भट नाही तर आमची पौर्णिमा विचारली असणार. पुरावा नाही, पण होळीचा सण हे नाव दुसरं कशामुळे पडेल?

बघ ना कसं बसतं. तुमचा महिना अमावास्येनंतर सुरू होतो, आमचाही. उत्तर हिंदुस्थानात पौर्णिमेनंतर धरतात, आपल्याकडे नाही, म्हणून महाराष्ट्रातल्या माणसाला तुमचं पंचांग लवकर कळतं. तिश्री म्हणजे आश्विन. पहिल्या दिवशी तुमचं नवं वर्ष, आमची घटस्थापना. दशमीला किप्पुर आणि दसरा. पौर्णिमेला सुक्कोथ आणि कोजागिरी, म्हणजे आज. शेवातच्या पंधराव्याला, आमच्या माघी पौर्णिमेला, खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा उरूस. अदारची चौदावी म्हणजे होळी. निसानची पंधरावी म्हणजे वल्हांडण, आणि इकडे हनुमान जयंती. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, कारण आमच्या तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. तुम्ही एकपासून एकोणतीस किंवा तीसपर्यंत सरळ मोजता. शिवाय आमचा दिवस सूर्योदयाला उगवतो, तुमचा सूर्यास्ताला. एवढं सोडलं तर दोन जावांनी एकाच भिंतीवर आपापलं कॅलेंडर टांगावं तसं आहे.

हनुक्का तेवढा आजींच्या यादीत नव्हता. तू दिवे लावायचीस आणि त्या बाजूला बसून बघायच्या, जणू सुनेनं माहेरून काही नवीन आणलंय. तुमची माणसं सांगतात, पूर्वज निघाले तेव्हा हनुक्काची घटनाच घडली नव्हती, मग सण कुठून आठवणार!

आता भांडण कुठे आहे ते सांगते, म्हणजे तिकीट काढायच्या आधी तुझ्या लक्षात येईल.

चंद्राचे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याच्या वर्षाला अकरा कमी. मुसलमानांच्या पंचांगात ही तूट भरत नाहीत, म्हणून रमजान थंडीतून पावसाळ्यात, पावसाळ्यातून उन्हाळ्यात असा उलटा फिरतो. तुमच्या तोरेनं वल्हांडण वसंतातच व्हायला हवा असं सांगून ठेवलंय, त्यामुळे तुम्हाला मधूनमधून एक महिना घालावा लागतो. एकोणीस वर्षांत सात. गंमत म्हणजे आमचेही एकोणीस वर्षांत साधारण सातच. फक्त आमचा अधिक महिना सूर्याच्या संक्रांतीवर ठरतो. ज्या चांद्र महिन्यात संक्रांत नाही तो अधिक. म्हणून तो कधी श्रावण, कधी आश्विन, कधी ज्येष्ठ. जावयांना तीसतीन अनारसे कधी द्यायचे ते दर वेळी शोधावं लागतं. तुमचा ठरलेला. घालायचा तर अदारलाच, पहिला अदार आणि दुसरा अदार.

तर पुढच्या वर्षी २०२६ मध्ये आमचा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मेपासून १५ जूनपर्यंत. तुमचा जादा अदार मात्र २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. आम्ही आधी थांबलो, तुम्ही पुढे चालत राहिलात. पुढच्या मार्चमध्ये होळी-पुरीम हातात हात घालून येतील, एप्रिलमध्ये वल्हांडण आणि हनुमान जयंतीही. आणि मेपासून फारकत. बिरड्याचा सण २३ जुलैला, म्हणजे श्रावण नाहीच, आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधी. आजी असत्या तर म्हणाल्या असत्या, वारकऱ्यांच्या उपासात बिरडं कोण खाणार! नव्याचा सण १२ सप्टेंबरला, भाद्रपदाच्या पहिल्या दिवशी. १४ ला गणपती. किप्पुर २१ ला, गणपतीच्या आठव्या दिवशी. आणि सुक्कोथ लागतो २५ च्या संध्याकाळी. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. माझा दसरा तोवर महिनाभर लांब. मग २०२७ च्या मार्चमध्ये तुमचा दुसरा अदार येईल, आणि पुरीम पुन्हा धावत येऊन होळीला गाठील.

दुसऱ्या अदारवरून आठवलं. काका गेले ते साध्या वर्षाच्या अदारात. २०२४ मध्ये दोन अदार आले तेव्हा मी तुला विचारलं होतं, त्यांचा दिवस कुठल्या महिन्यात करायचा? आमच्याकडेही अधिक महिन्यात श्राद्ध आलं की गुरुजींना विचारतात, म्हणून. तू रब्बींचं नाव घेतलं नाहीस, पुस्तकाचं नाही. म्हणालीस, "ज्या अदारात होळी पेटते, तोच आपला." मी मुद्दाम मागची सगळी तेरा महिन्यांची वर्षं काढून पाहिली, २००५ पासूनची. तुझं बरोबर आहे. प्रत्येक वेळी होळी दुसऱ्या अदारातच पडलीय. साध्या वर्षी मात्र ही खूण दगा देते. २०२१ ला पुरीम फेब्रुवारीत झाला आणि होळी मार्चअखेर. तेव्हा एकच अदार होता म्हणून बरं.

आणखी एक सांगायचंय, ते मला तुमच्या पंचांगातलं सगळ्यांत आवडतं. नवं वर्ष रविवारी, बुधवारी आणि शुक्रवारी येऊच देत नाहीत. गणितानं आलं तरी एक दिवस पुढे ढकलतात. बुधवारी आलं तर किप्पुर शुक्रवारी येणार, शुक्रवारी आलं तर रविवारी, म्हणजे शब्बाथला चिकटून. दोन दिवस लागोपाठ चूल नाही. भाजी शिळी, आणि कुणी गेलं तर मातीही लगेच देता येत नाही. कुठल्या तरी जुन्या रब्बीनं आकाशातल्या चंद्रापेक्षा घरातल्या बाईकडे पाहिलं असणार, असं माझ्या मनानं घेतलंय. (रविवारचं कारण वेगळं आहे, सुक्कोथच्या सातव्या दिवसासाठी, पण ते माझ्या कामाचं नाही.) आमच्या पंचांगकर्त्यांनी ही दया कधी दाखवली नाही. संकष्टी आणि एकादशी त्यांना वाटेल त्या वारी.

आता पानांची गोष्ट. तुला ती आठवते का, माहीत नाही.

मी सात-आठ वर्षांची असेन. दसरा होता. आईनं आपट्याची पानं हातात दिली आणि म्हणाली, आधी आळीत देऊन ये. इस्रायल आळीतली चार घरं, चारी बंद. तुमच्या दाराला बाहेरून कडी, कडीला कुलूप. आत कुणी नाही. तुम्ही सगळे पहाटेच पांढऱ्या कपड्यांत मशिदीत गेलेले. (तुम्ही सिनेगॉगला मशीद म्हणता हे जगावेगळं आहे, हे मला मुंबईला नोकरीला लागल्यावर कळलं. मशीद बंदर स्टेशनचं नावही तिथल्या १७९६ च्या जुन्या मशिदीवरून पडलं, असं तुमची माणसं छातीठोक सांगतात.) मी थोडा वेळ ओट्यावर बसले. मग चार पानं कडी आणि कोयंड्याच्या फटीत खोचली. एक खाली पडलं, ते फाटलं. आईनं विचारलं, दिलं का सोनं? मी म्हटलं, दाराला दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी आल्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात ताट. गोड सारणाच्या पुऱ्या होत्या. त्या दिवसाला त्या शिळा सण म्हणायच्या. आदल्या दिवशी दार लावून घ्यायचं, कुणाशी बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशी दार उघडायचं, गोरगरिबांना द्यायचं, शेजारी जायचं. ताट ठेवून त्यांनी कनवटीची गाठ सोडली आणि कालची तीच पानं काढली. कडेनं वळलेली, एक फाटकं. आईच्या हातावर ठेवली, म्हणाल्या, "सोनं घ्या." आई म्हणाली, "अहो, दसरा काल झाला." आजी म्हणाल्या, "आमचा काल बंद होता. आमचं सोनं शिळ्या सणाला." आईनं दोन्ही हातांनी घेतली आणि वाकून नमस्कार केला. तेव्हापासून ज्या वर्षी जुळून यायचं त्या वर्षी आमच्या घरी एकादशीला दुसऱ्यांदा सोनं वाटलं जायचं, आणि मला त्यात काही विचित्र आहे असं वाटत नव्हतं. लग्न होऊन सासरी गेले आणि तिथे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पानं पुढे केली, तेव्हा सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

१९७३ ला मात्र शिळा सण नीट झाला नाही. तेव्हाही दसऱ्याचेच दिवस होते. ६ ऑक्टोबर, शनिवार. तुम्ही सगळे दिवसभर मशिदीत, आणि तिकडे दुपारी दोनला लढाई सुरू झालेली. देश उपाशी, रस्ते रिकामे, रेडिओ बंद, हे हेरूनच तो दिवस निवडला असं पुढे वाचलं. आपल्याकडे रात्री बातमी आली. तुझे मोठे दीर तेव्हा बीरशेबाला होते. दुसऱ्या दिवशी आजी आल्या नाहीत. आईच डबा घेऊन तुमच्याकडे गेली. पुढच्या काही वर्षांत तुम्हीही गेलात. आळीतली कुलपं मग नुसती किप्पुरची राहिली नाहीत.

तर मावशी, आता प्रवासाचं. दसऱ्याचा हट्ट धरू नकोस. तू गणपतीला ये. म्हणजे असं बघ, ११ सप्टेंबर शुक्रवार आहे आणि संध्याकाळी तुमचं वर्ष उजाडतं, तेव्हा गुरुवारीच अलिबागला पोचायला हवंस. शनिवार असल्यानं पहिल्या दिवशी शिंग वाजणार नाही, रविवारी वाजेल. चिकाच्या हलव्याचे गहू मी आठ दिवस आधी भिजत घालते, पण नारळाचं दूध किती आणि कधी ते तू फोनवर सांग. मागच्या वेळी माझा हलवा धड वडी ना धड खीर झाला होता. सोमवारी गणपती बसेल. आमचा दीड दिवसाचा, त्यामुळे किप्पुरपर्यंत घर मोकळं. पण चौकातला मंडळाचा दहा दिवसांचा असतो. रविवारी २० ला संध्याकाळपासून सोमवारी चांदण्या दिसेपर्यंत स्पीकर कमी ठेवा, असं मी पोरांना आत्ताच सांगून ठेवलंय. ऐकतील. अध्यक्षाची आजी तुझ्या वर्गात होती.

तुमची घरं आता आळीत बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, हे तुला ठाऊक आहे. मशीद १८४८ पासूनची, स्वच्छ ठेवलीय, दिव्याला तेल असतं. प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर मुंबई-ठाण्याकडून माणसं बोलवावी लागतील, ते तू नातवाकडून कर, त्याला ते फोनवर पटकन जमतं. त्यालाही आण. त्याला मलिदा म्हणजे काय ते नुसतं चित्रात माहीत आहे, असं तू म्हणाली होतीस. खंडाळ्याला उरसाव्यतिरिक्तही जाता येतं. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं सगळं मी घेते, तू फक्त चल.

आणि दसऱ्यासाठी राहायचं असेल तर महिनाभर राहा. कोण हाकलतंय? नाहीच जमलं तर एक करीन. आपट्याच्या झाडाला सप्टेंबरातही पानं असतात. किप्पुरच्या दिवशी दुपारी मी मागच्या गल्लीतून येईन आणि कडीत खोचून ठेवीन. माझा दसरा नसेल तेव्हा, पण तुझा शिळा सण असेलच दुसऱ्या दिवशी.

अरे हो, एक विचारायचं राहिलं. तुम्ही तिथे गेल्यावर सणांचा एकेक दिवस वाचवलात ना? इथे तुमचं पुष्कळसं दोन-दोन दिवस. जुन्या काळी जेरुसलेमला चंद्र दिसला की डोंगरावर जाळ करायचे, मग दूत धाडायचे, आणि लांबच्यांना वेळेवर कळेल की नाही म्हणून लांबच्यांनी एक दिवस जास्तीचा धरायचा, असं तूच सांगितलं होतंस. आता फोन आहे तरी अलिबागकर लांबचेच राहिले. वल्हांडणाला इथे दोन रात्री टेबल मांडायचं, तिथे एक. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, एका रात्रीच्या भाकऱ्या कमी झाल्या म्हणून.

दूध आटवायला ठेवलंय, केशर संपलंय. आज तू सुक्कोथच्या मांडवात बसशील तेव्हा वर फांद्यांतून चंद्र दिसतो का बघ. मी गच्चीवर असेन. पत्राचं उत्तर आज देऊ नकोस. तुझ्याकडे एकच दिवस पाळायचाय, म्हणून मी उद्या रात्री साडेनऊनंतर फोन करते. इथे असतीस तर परवापर्यंत थांबावं लागलं असतं.

तुझी,
बाय